रवाळ

डिसेंबरात योएन्सूला दुपारी तीनलाच अंधार पडतो,
म्हणून आमच्या खोलीला खिडकी नाही याचं
कुणाला वाईट वाटत नाही.

हिरवा लेझर. त्याच्यापुढे नखाएवढी काच,
तिच्यात वीस लाख चौकोन, आणि प्रत्येकाला एकच काम:
उजेडाला किंचित उशीर करायचा.
कुणी किती, ते मी ठरवते.
या उशिरांच्या बेरजेतून
हवेत एक पेला उभा राहायला हवा,
बर्चच्या गाठीतून कोरलेला,
वेइयोकडून मोजमापासाठी मागून आणलेला.

राहतो. पण रवाळ,
जुन्या तुपासारखा.
आणि मधोमध एक ढळढळीत ठिपका,
कुणाचंच न ऐकलेल्या उजेडाचा.

ठिपका बाजूला सारला.
पेल्यापासून काचेपर्यंत, काचेपासून पेल्यापर्यंत
गणिताला दोनशे येरझाऱ्या घालायला लावल्या.
कड सुधारली, कान उमटला,
रवा तसाच.

वेइयो आला, बुटांना बर्फ, हातात कॉफी.
चाळीस वर्षं या इमारतीत भिंगं घासतोय.
मान हलवून म्हणाला,
"मी डावीकडे गेलो की हे दाणे उजवीकडे पळतात."
माझे तर जागच्या जागी उकळत होते.
"तुम्हाला लांबचं कमी दिसतंय," मी म्हटलं,
"चष्मा लागलाय."
तो हसला नाही.
"म्हणजे दाणे पेल्यावर नाहीत?"
"नाहीत. डोळ्यात पडतात."

त्या रात्री एक निर्दोष चित्र शोधायचं सोडलं.
चोवीस सदोष केली,
प्रत्येकाचा रवा निराळा,
आणि पापणी लवायच्या आत सगळी फेकली
एकामागून एक.
डोळ्यानं त्यांची सरासरी काढली, न सांगता.
रवा पाचव्या हिश्शावर आला.
शून्यावर येत नाही;
शंभर केली असती तरी दहावा हिस्सा उरला असता.

पोटापाशी एक काळी रेघ मात्र हटेना.
आठवडाभर तिच्यामागे होते.
शेवटी हातानं पुसली,
आकडे बदलून. कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी वेइयो नव्या चष्म्यानं आला.
बराच वेळ पाहिलं. मग बोट पुढं केलं,
पेल्यातून आरपार गेलं ते.
"भेग कुठंय?"
"कुठली भेग?"
"पडला होता ना, तळ्यावर, मासे धरताना.
इथून गळतो."

तो गेल्यावर जुनी फाईल उघडली.
कॉफी त्यानं टेबलावरच विसरली होती,
कागदी कपात.