केयूर, काय वाचू म्हणालास

काल सेव-उसळ खाता खाता तू विचारलंस,
"ताई, डेव्हऑप्स शिकायचं तर काय वाचू?"
तर्रीनं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी,
म्हणून उत्तर उद्यावर ढकललं.
तर आज उद्या आहे.

पुस्तकं आहेत. जाडजूड आहेत.
माझ्याकडची तिन्ही घेऊन जा.
एकात खुणेला रेल्वेचं तिकीट आहे, पान सत्तेचाळीसवर,
त्याच्या पुढे मी गेलेले नाही.
ऑफिसात बोलू नकोस.

पण आधी मांडवीजवळच्या लायब्ररीत जा एकदा.
तिथे वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे.
खाली उभं राहिलं की वर चालणाऱ्याच्या
चपलांचे तळवे दिसतात, धुरकट.
चेहरा नाही. नुसतं थांबणं दिसतं,
कुठल्या कपाटापाशी, किती वेळ.
मॉनिटरिंगचं मला जे काही कळतं
ते अकराव्या वर्षी तिथे मान दुखेपर्यंत कळलं.

एखादं पुस्तक घेतलंस
तर मजकुराआधी मागची चिठ्ठी वाच.
शिक्के, तारखा. कोणी नेलं ते नसतं, कधी नेलं असतं,
आणि मधली सतरा वर्षं कोणीच का नेलं नाही
हे आपलं आपण ताडायचं.
आपल्या कोडलाही तशीच चिठ्ठी आहे.
तू गिट उघडतोस आणि भराभर खाली सरकवतोस.
सरकवू नकोस.
तिथे प्रमिला शिर्के आहेत, तुला कधी न भेटलेल्या,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी लिहिलंय :
"हा तीस सेकंदांचा थांबा काढू नये.
का, ते सकाळी लिहिते."

ती सकाळ काही झाली नाही.
थांबा मी काढला.

उत्तरायणाची संध्याकाळ. दांडिया बाजारातली गच्ची,
हातात फिरकी, चहूकडून लपेट लपेट,
आणि खिशात फोन थरथरायला लागला तो थांबेचना.
साडेचारशे दूधमंडळ्यांची बिलं आडवी.
मांजानं कापलेल्या बोटांनी
टाकीच्या आडोशाला बसून मी लॉग वाचत गेले,
खालून वर, एकेक ओळ,
इतका जीव मुठीत धरून
मी आयुष्यात काही वाचलेलं नाही.
आणि शेवटी खुनी मीच निघाले.

त्या रात्रीचा अहवाल फोल्डरमध्ये आहे. तोही वाच.
त्यात माझं नाव नाही.
मी घातलं होतं, फलटणकर सरांनी खोडलं.
म्हणाले, "नाव आलं की वाचणारा तिथेच थांबतो गं.
पुढे काय लिहिलंय ते बघतच नाही."
असलं वाक्य पुस्तकातही असेल कदाचित,
पान अठ्ठेचाळीसनंतर.

आणि हो, एरर पुरती वाचत जा.
पहिल्याच ओळीला तू खुर्ची फिरवून मला विचारतोस.
विश्वामित्रीच्या पुलावरून बघ कधी :
पाण्यावर नुसते दोन डोळे,
माणसं म्हणतात, लाकूड आहे.
मगर चौदाव्या ओळीत असते.

एवढंच. यादी मागितली होतीस,
मला यादी जमत नाही.

थांबा मी परत घातला, तीस सेकंदांचाच.
का लागतो, हे मला अर्धंच कळलंय,
पण जेवढं कळलं तेवढं खाली सहा ओळींत लिहिलं,
त्याच रात्री, बोटाला हळद लावून.
त्या सहा ओळी वाच.
जिथे अडशील तिथे पेन्सिलीनं खूण कर.

लायब्ररीच्या पुस्तकात करू नकोस.
तिथे दंड पडतो.