बारा नोव्हेंबर

उद्यमनगरात, पार्वती टॉकीजच्या मागच्या बोळात
रंगराव सुतारांच्या शेडमध्ये पोचले तेव्हा
कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर थांबलेला.
मॉनिटरच्या कडेला टेपनं चिकटवलेली चिठ्ठी,
अक्षर ठसठशीत:
'आधी एफ-वन. मग तारीख. घाई नको. – दिनू.'

वायरकट बंद. पितळी तार
दोन चाकांमध्ये ताणलेली, गप्प.
टाकीतलं पाणी पांढुरकं, निवळत चाललेलं.

पुण्याच्या कंपनीनं ड्रॉइंग पाठवलं होतं, नव्या आवृत्तीत.
ही माझ्यानंतर जन्मली, हिची भाषा मला येत नाही,
असं काही तो म्हणाला नाही.
एक लांबलचक आकडा म्हणाला
आणि खाली ओके.
ओके सोडून दुसरं बटणच नव्हतं.

मी नवा डबा आणला होता,
स्कूटरवर, पायांमध्ये धरून, राजारामपुरीपासून.
त्याच्या पाठीला पंचवीस पिनांचं ते तोंडच नाही
ज्यात डोंगल बसतो.
कन्व्हर्टर लावला. दिसेना.
दुसरा लावला. दिसला, ओळख दाखवेना.
शेवटी कम्पॅटिबिलिटी मोडवर टिक केली.
'हे काय असतंय?'
प्रोग्रामला सांगायचं, म्हटलं,
की तू अजून तुझ्या जुन्याच घरात आहेस.
'आणि पटतंय त्याला?'
कधी कधी.
ह्याला पटलं नाही.

मग जुन्याचंच पोट उघडलं.
पंख्यावर तेलकट लोकर, पितळेची बारीक पूड,
आणि कोपऱ्यात बटणाएवढा सेल, मेलेला.
हे तरी माझ्या हातातलं होतं.
पस्तीस रुपयांचा नवा बसवला,
आजची तारीख घातली,
एफ-वन न दाबता तो सुरू झाला
आणि मी रंगरावांकडे बघून जरा हसलेसुद्धा.

पडदा म्हणाला: मुदत संपली. विक्रेत्याशी संपर्क साधा.

'विक्रेता भोसरीत होता,' रंगराव म्हणाले.
'तिथं आता फरशीचं दुकान हाय.'
चहाचा कप ड्रॉइंगच्या प्रिंटवर ठेवला, मग उचलला.
'सांगणारच होतो ताई. सेल नको त्याला.
एका वर्साचं लायसन. दोन हजार नऊच्या एप्रिलपासनं.
त्या वर्सातला कुठलाबी एक दिवस लागतोय बघा,
संध्याकाळी बंद केला की विसरला पायजे.'

म्हणजे इथं रोज सकाळी बारा नोव्हेंबर.
रोज गुरुवार.
सोमवारची सुट्टी ह्या यंत्राला ठाऊकच नाही.
हार्डडिस्कवर हजारभर फायली,
पंपाचे, गिअरचे, ऊसगाड्यांच्या कसल्याशा पट्ट्यांचे डाय,
सगळ्या एकाच दिवशी केलेल्या,
फार कामाचा दिवस असणार तो.
त्यात शाहूपुरीत पाणी शिरायला अजून दहा वर्षं आहेत.
त्यात दिनू अजून गारगोटी रोडला लागलेला नाही.

बाराच का, मी विचारलं.
'असंच. हाताला बसलंय.'

मी सेल नखानं उचकटून काढला.
ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला,
एफ-वन दाबलं, तारीख घातली, घाई केली नाही.
मग प्रिंटवर पट्टी धरून एकेक बिंदू टाइप करायला लागले,
एक्स बेचाळीस पॉइंट शून्य सात,
वाय उणे अकरा पॉइंट तीन,
दोनशे चौदा बिंदू होते, मी मोजले.
सत्तरीच्या आसपास मी त्यांना आकडे वाचून दाखवायला लागले.
एकदा चुकले. त्यांनी न बघताच दुरुस्त केलं.

तार धावायला लागली.
पाण्याखाली निळी ठिणगी,
उकळीसारखा बारीक आवाज.

व्हिजिटचे पैसे दिले, वर सेलचे पस्तीस.
अहो, तो बसवलेला नाही, म्हटलं.
'बसवला होता की.'
परत घेईनात.

तो माझ्या पर्समध्ये आहे, चाव्यांच्या जुडग्याशेजारी,
चालू.