पिवळा पुरे

आबा, तोफ नंतर. आधी ढाल.
हे मी तिसऱ्यांदा सांगतेय.
दुकानदार तोफच पुढं करणार,
चकचकीत नळी, भाव अडीच लाख,
आणि ढाल कोपऱ्यात, नुसतं निळसर वर्तुळ.
पण जहाज वाचलं तर माल वाचतो
आणि माल वाचला तर उद्या.

कोपरखैरणे, सेक्टर पाच, रात्रीचे साडेअकरा.
आबांच्या मांडीवर उशी, उशीवर माझा लॅपटॉप.
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली,
एकतीस वर्षांची धण्याची पोती त्याच बाजूनं गेली.
त्यांचा पहिला प्रश्न होता, "माल किती मावतो?"
माझ्या कॉलेजात कुणीच हे आधी विचारत नाही.
चाळीस टन, म्हटलं.
"म्हणजे आठशे पोती," आणि खिडकीबाहेर बघत राहिले,
जणू कुणी ती खरंच खाली आणून ठेवलीत.

तर ऐका.
तोफ आणि ढाल एकाच बॅटरीवर चालतात,
दोन्ही मोठ्या घेतल्या तर ऐन लढाईत जहाज विझतं.
क्षेपणास्त्रं चार बस. पाचवं घेतलं
तर तेवढ्या जागेतलं जिरं गेलं.
लुटारू आडवा आला तर पाच टन सोडून द्यायचं,
तो वेचत बसतो, आपण निघायचं.
"हमाली बुडाली, पाठ वाचली."
हां, तेच.

मग पतीचं सांगायला घेतलं.
वलयवाल्यांचा माल उचलला
की खाणवाले आपल्याला एक पायरी खाली ढकलतात,
गस्तीवाले दोघांचंही टिपून ठेवतात,
आणि नाव लाल झालं की त्या गोदीचं फाटक
पुन्हा...
"कळलं," म्हणाले. "पुढं बोल."
मसाला मार्केटात राहिलेल्या माणसाला
हे मी काय शिकवणार होते?

तेराव्या फेरीला तो अंगठा,
पोत्याच्या कानाला धरून धरून रुंद झालेला,
दोन बटणांवर एकदम पडला
आणि तोफ सुटली.
समोर खाणवाल्यांचा पाण्याचा टँकर होता.
नाव लाल.
आबांनी चष्मा काढून पुसला.
"आता याला सॉरी कुठं म्हणायचं?"
शोधलं आम्ही. सगळे मेनू उघडले,
व्यापार, दुरुस्ती, भरती, नकाशा.
माफीचं बटण नाही, आबा. बनवलंच नाही त्यांनी.

बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, ब्याण्णव साली
दुसऱ्या टोळीची गाडी आपण खाली केली होती.
तुझी आत्या दवाखान्यात होती, पैसे हवे होते.
त्यांचा मुकादम हैबती.
सात वर्षं त्यानं माझ्याकडची तंबाखू घेतली नाही.
रोज समोर बसायचा, घेतली नाही.
मग?
"मग काय. त्याच्या गाडीला माणूस कमी पडला
की हात लावायचो. हजेरी न लावता."

दुसऱ्या दिवशी मी क्लासहून आले
तर यांनी तोफ विकलेली.
आबा! नि:शस्त्र कुणी जातं का त्या पट्ट्यात?
"सहा टन जागा झाली," म्हणाले,
आणि खाणवाल्यांचं पाणी भरलं,
सगळ्यात कमी भावाचं काम, जे कुणीच घेत नाही.
अकरा रात्री.
दोनदा लुटले गेले, एकदा ढाल फाटली,
एकदा झोप लागली आणि जहाज
एका मेलेल्या ग्रहाभोवती पहाटेपर्यंत फिरत राहिलं.

बाराव्या रात्री नाव पिवळं झालं.
मी म्हटलं, अजून चौदा फेऱ्या, मग हिरवं,
हिरव्याला दुरुस्ती अर्ध्या भावात मिळते.
"पिवळा पुरे."
लॅपटॉप मिटला, उशी बाजूला ठेवली,
खांदा दाबत उठले.

आणि हैबती?
"आठव्या वर्षी त्यानं चुना मागितला."
दारात थांबले जरा.
"तंबाखू मात्र त्याचीच होती."