बॉयलरची खोली

माझ्या कमरेला एकवीस किल्ल्या
आणि सहा वर्षांतली ही पाचवी मुख्याध्यापिका.
मी जिना पुसत होतो. म्हटलं,
नाताळपर्यंत टिकली तरी खूप.

खाण मिटली तेव्हा आमच्या दरीतली माणसं
पालथ्या कपांसारखी घराघरांत बसली.
शाळा तेवढी उघडी राहिली,
गळक्या छपराखाली अकरा बादल्या मांडून.
तपासणीवाल्यांनी चाळीस पानं लिहिली.
फाटकाशी उभ्या आयांनी त्यातला एकच शब्द उचलला
आणि रस्ताभर वाटत गेल्या.

एलिनेड प्रॉबर्ट. बुटकी. आवाजात कायमची सर्दी.
पहिल्याच दिवशी विचारलं, "इडवल,
पोरं रडायला कुठं जातात?"
म्हटलं, संडासाबाहेर, कोटांच्या खुंट्यांपाशी.
दुपारी तिचं टेबल तिथं होतं.
आम्ही दोघांनीच ओढलं. प्रॉसर सर
हातात चहा घेऊन बघत राहिले.

दोन आठवडे ती काही बोलली नाही.
हजेरीपट घेऊन बसायची, आणि शेजारी माझी वही,
जिच्यात मी रोज मोडक्या अक्षरात टिपतो
हवा, बॉयलरचा दाब, किती बादल्या भरल्या.
एका संध्याकाळी बोट ठेवून म्हणाली,
"बादल्या भरतात
त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामे. का?"

बावीस वर्षं लिहितोय ती वही.
शेजारी दुसरी ठेवून कधी पाहिली नव्हती.

मग ती चढावरच्या ओळीत दारोदार गेली,
मी मागे टॉर्च धरून.
सव्वीस नंबरातली बाई म्हणाली, "बूट वाळले की पाठवते."
तिसाव्यात पडदा हलला, दार नाही.
चौतिसाव्यात दोन भाऊ, जोडी एक.
येताना ती एवढंच बोलली,
"तुझी खोली ऊबदार असते ना रे?"

माझी खोली. माझी खुर्ची, माझा रेडिओ,
जुन्या रग्बी सामन्याचा माझा फोटो.
मी नाही म्हणालो. दोनदा.
तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही.
आपले बूट काढले, गरम नळीवर ठेवले
आणि नुसत्या मोज्यांवर प्रार्थनेला गेली.

नोव्हेंबरात चौदा जोड्या. जानेवारीत एकोणचाळीस.
खोलीला ओल्या कुत्र्याचा वास.
बूट वाळेस्तोवर पोरं उलट्या खोक्यांवर बसून वाचायची,
मोठ्यांदा, एकमेकांना ढोसत.
टेगन अडली की पुस्तक माझ्यापुढं धरायची.
मी म्हणायचो, चष्मा विसरलो गं.
एकदा म्हणाली, "कपाळावर आहे."

मग मीही अडलो. तिच्याच शब्दावर.
आम्ही तो दोघांनी मिळून फोडला,
अक्रोड फोडावा तसा, दाराच्या फटीत धरून.

सगळंच जमलं असं नाही.
प्रॉसर सर ईस्टरला गेले, निरोपाचा केक न कापता.
चौतिसाव्यातले भाऊ एका रात्री
सामानासकट कार्डिफला गेले, पत्ता नाही.
छप्पर गळतंच. बादल्या आता सात.
पण फेब्रुवारीत सलग नऊ दिवस कोसळला,
आणि नवव्या दिवशी हजेरीपटावर
एकच लाल खूण: मॅक्सन, कांजिण्या.

तपासणीवाले पुन्हा आले. विचारलं,
कुठली पद्धत वापरलीत?
ती शिंकली, आणि रुमाल शोधत बसली.

नवा अहवाल चोवीस पानांचा.
मी वाचला. तीन संध्याकाळी लागल्या.
शब्द बरा होता या वेळी.
बुटांचं कुठं काही नव्हतं.

शुक्रवारी कुलूप लावताना
नळीवर एक जोडी उरते,
चौतिसाव्यातल्या धाकट्यासाठी तिनं आणलेली,
एकदाच घातलेली.
वाळून कधीच खडखडीत झालीय.
तरी मी ती उलटी करून ठेवतो,
दुसऱ्या अंगानं.