नमुना क्रमांक नऊ

कृती नंतर, जोएल. आधी हात.
कोपरापर्यंत, नखांखाली.
छत्तीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात मी
लोकांचं रक्त काचेवर पसरलं
आणि शिकले एवढंच,
की जे दिसत नाही तेच आधी येऊन बसतं.
माझी पहिली बियर आंबली ती पळीमुळे.
लोणच्याची पळी. घासलेली होती.
घासलेली म्हणजे स्वच्छ नव्हे, लिहून ठेव.

शाळू घे. खायचा घे,
औषध चोळलेलं बियाणं नको.
निम्मा रात्रभर भिजव, गोणपाटात मोड आण,
गच्चीवर वाळव, चिमण्यांशी भांड,
मग तळहातांत चोळून मोड झाडून टाक, सगळे.
गुरांना किराळ लागते, ती ह्याच कोवळेपणाची.

गिरणीत भरडा सांग, पीठ नको.
बाबर विचारेल, कण्या कशाला?
कोंबड्यांना, म्हण. मी तेच म्हणते.
सहा वर्षांत त्याने एकदाही
अंडी मागितली नाहीत.

उरलेला शाळू पेजेसारखा शिजव,
पासष्टवर निवू दे, मोडाचा भरडा घाल,
पातेलं गोधडीत गुंडाळ आणि बाजारात जाऊन ये.
आल्यावर एक थेंब बशीत, वर आयोडीन.
निळा झाला तर थांब अजून.
तपकिरीच राहिला तर आत सगळं गोड झालंय.
(आयोडीनची बाटली निवृत्तीच्या दिवशी
पर्समध्ये आली. कुणी विचारली नाही.)

गाळ. तासभर उकळ.
हॉप्स कुरिअरने मागव,
कडुनिंब मी करून पाहिलाय,
पाडव्याचा प्रसाद लागतो.
यीस्ट घालायची घाई नको,
पातेल्याचा गाल थंड लागू दे.
आणि एप्रिलात पिंप टबात ठेव,
भोवती ओलं पोतं, समोर पंखा.
नाहीतर चवीला नेलपॉलिश येतं.

आता नळीतून बुडबुडे.
शेजारी दस्तगीरचाचा तंबोऱ्याचे भोपळे वाळवतात.
पीत नाहीत, वासही नको म्हणतात,
पण कुंपणापलीकडून मोजतात:
"बाई, एका दमात दोन सुटतायत."
चौथ्या दिवशी: "लय उतरली."
आठव्या दिवशी काहीच बोलले नाहीत
आणि मी झाकणाला हात घातला.
"भोपळा वर्षभर वाळतो," ते म्हणाले,
"आत काय चाललंय बघायला
मी चिरत नाही."

बाटलीला साखर एक चहाचा चमचा. सपाट.
सहा नंबरला मी शीग लावली होती.
पहाटे तीनला मोरीत अकरा बाटल्या
एकामागून एक फुटल्या,
चाचांच्या सुनेला वाटलं, वरात आली.

नोंदी ठेव. माझ्या जुन्या रजिस्टरात आहेत:
नमुना क्रमांक, तारीख, तापमान, वास, रंग.
शेऱ्यात "ढगाळ, पण तब्येत बरी" असंही आहे एकदा.
फक्त नऊ नंबरचे रकाने कोरे.

त्या पंधरवड्यात चाचा ॲडमिट होते,
माझ्याच जुन्या वॉर्डाशेजारी.
सकाळी मी डबा न्यायची, दुपारी सून यायची,
घरी कुणी पिंपाकडे बघितलं नाही.
परत आले तेव्हा आधी कुंपणाशी थांबले,
कान दिला बराच वेळ.
"निजलीय," म्हणाले. "आता काढा."

तशी पुन्हा झाली नाही.
दहा, अकरा, बारा, सगळ्यांत मी चोख,
काट्यावर साखर, घड्याळावर उकळी,
प्यायला चांगल्या, जेवणाबरोबर छान,
पण ती नव्हे.

तू कृती मागितलीस, ती ही.
नववीची एक बाटली माळ्यावर आहे,
अंधारात, उभी, आडवी करायची नसते.
नाताळात ये, उघडू.
पेले तू धू.
मी उभी राहून बघते.