प्रीय ग्राहक

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या.
खोटी आली की अंगठा आधी दचकायचा,
डोळे मागाहून.

परवा मेल आला :
‘प्रीय ग्राहक, तुमचे कार्ड आज रात्री बंद होईल.’
बँकेचं चिन्ह हुबेहूब.
काचेवर अंगठा फिरवला. गुळगुळीत.
ना धागा, ना उठाव.
उजेडासमोर धरावा,
तर उजेड त्याच्याच पोटात.

सोळा आकडे भरून झाले होते,
मागचे तीन उरले,
तेवढ्यात पहिल्याच शब्दावर अडखळलो.
प्री.
दीर्घ.

सिन्नरच्या शाळेत गोसावीबाईंनी
ह्याच वेलांटीसाठी पट्टी मारली होती,
नेमकी अंगठ्यावर.

कार्ड मीच फोन करून बंद केलं,
त्याच रात्री.
मेलमधलं तेवढं खरं निघालं.