पोटखराब

एकतीस वर्षं तलाठी होतो.
रावेर, यावल, चोपडा,
तीन तालुक्यांचे बांध तुडवले.
केळी लिहिली, कापूस लिहिला, दादर, हरभरा,
काहीच दिसलं नाही तिथे लिहिलं : पड.
दगड, नाला, झुडूप असलं तर : पोटखराब.
पुढे हेक्टर, पुढे आर,
चहा येईपर्यंत सही.

आता सातपुड्याच्या पायथ्याला
हेमलता झांबरेच्या शेतात
पंधरा दिवस बिनपगारी राबायला आलोय.
भुसावळहून मुलगा फोनवर हसला,
"रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, अप्पा."
सोबत धुळ्याची एक नर्स आहे, रजा टाकून आलेली.
ती दिवसभर बोलत नाही.
संध्याकाळी हातातले काटे मात्र
सुईने, न दुखवता काढते,
स्वतःचे आणि माझेही.

खालच्या अंगाला केळी, केळीखाली चवळी आणि ताग.
वरच्या अंगाला, नाल्यालगत अडीच एकर
नऊ वर्षं नांगर गेलेला नाही.
ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं हिवराला टांगलंय,
त्यात मुनियाने घर केलंय,
म्हणून ते भेंडोळंही आता कुणी हलवायचं नाही.

पहिल्या दिवशी हातात विळा आला.
काम : घाणेरी काढा.
मी मन लावून काढली,
बांध असा लख्ख केला, जणू ताजा उतारा.
दिवेलागणीला जुम्मा तडवी आला, उकिडवा बसला,
माझ्या ढिगातून एकेक काडी वेगळी करू लागला.
"ही घानेरी. ही बी घानेरी.
हे अंजन.
हे अंजन. हे बी अंजन."
सात निघाली. बोटभर उंच,
पानं दोन-दोन जुळलेली, बकरीच्या खुरासारखी.

रागावला नाही.
म्हणाला, "विळ्यानं घानेरी मरत नाही अप्पा,
तिला कुदळ लागते.
अंजनाचं कसंय, वरून मरतं, खालून जगतं.
कितीक वर्षं हेच करतं. मूळ राहिलं असंल तर येईल."
आणि सात ठिकाणी सात काड्या खोचून
बकऱ्या हाकत निघून गेला.

त्या रात्री झोप लागली नाही.
एकदा पीक पाहणीला
एका म्हातारीने मला वारूळ दाखवलं होतं,
तिच्या कमरेहून उंच.
"हे पन लिवा ना सायेब, हे बी माह्याच वावरातलं."
मी हसलो होतो.
त्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेमलताने वही दिली.
तुम्हाला नोंदीची सवय आहे, म्हणाली.
त्यात टोमणा होता की नाही, अजून ठरलेलं नाही.

पाहणी, पहाटे सहा.
सातभाई, प्रत्यक्षात नऊ.
धामण एक, नाल्याकडे गेली, घाई नव्हती.
मुंगसाची पावलं, जाताना; येतानाची सापडली नाहीत.
कुसळी अमाप, पैकी निम्मी माझ्या मोज्यात.
शेणकिडा एक,
स्वतःहून मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत
माझ्या चपलेपाशी थांबला,
वळसा घालून पुढे गेला,
वाटेत मोठा दगड असावा तसा.

ही वही कुठल्याच कचेरीत जाणार नाही.
तरी समास सोडतो, तारीख टाकतो,
खाडाखोड झाली तर बाजूला सही करतो.

आज पंधरावा दिवस.
काड्यांपाशी गेलो.
पाच ठिकाणी काही नाही.
सहाव्या ठिकाणी मुंग्या.
सातव्यापाशी गुडघे टेकले, चष्मा पुसला.
हिरवं काहीतरी आहे, तीळभर.
अंजन की घाणेरी,
एवढ्या लहानपणी मला ओळखता येत नाही.
जुम्माला विचारलं असतं,
तो बकऱ्या घेऊन वर गेलाय.

अडीचची एस. टी. आहे.
गट नंबर लिहिला.
क्षेत्र : एक हेक्टर.
पिकाचा रकाना कोरा ठेवला.
शेऱ्यात लिहिलं, जन्मात पहिल्यांदा :
पाहणी अपूर्ण.